बिल्ले कोणाच्या हातात

मला त्या फायर पार्टीचा कॅप्टन व्हायचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्यासाठी कोणी सबबी शोधत बसणार नाही. या पदाला मोबदला नव्हता, त्यातून बढती मिळायची नव्हती. अंगावर घालायला एक जाड कोट आणि डोक्याला नीट न बसणारं हेल्मेट, एवढाच काय तो थाट. तरी मला ते हवं होतं, आणि त्यापायी मी एका चांगल्या माणसाची अब्रू धुळीला मिळवली.

बारा वर्षं मी बोटीवर काढली, त्यातली शेवटची चार चीफ इंजिनिअर म्हणून. बोटीवर चीफ इंजिनिअरनं नुसती भुवई उचलली तरी इंजिन रूममधली माणसं हलतात. ही सवय वाईट. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली आणि बायकोनं निक्षून सांगितलं की आता पुरे. मग सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावर एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत मी नोकरी धरली. वुडलँड्सला सातव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट मिळाला, बायकोला नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं. सगळं मार्गी लागलं. फक्त गोदीत मला कोणी विचारेना. माझ्यासारखे इंजिनिअर तिथे पैशाला पासरी होते. टेबल होतं, टेलिफोन होता, सर म्हणणारी माणसंही होती, पण माझ्या शब्दासाठी कोणी खोळंबून उभं नसे. हे मला फार लागायचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरं आहे की. घरी वेळेवर येता." तिला काय कळणार, असं मला तेव्हा वाटलं.

गोदीत आगीची भीती कायमची. वेल्डिंगची एक ठिणगी तेलकट चिंध्यांवर पडली की पाहता पाहता इंजिन रूम पेटते. सरकारी बंब येईपर्यंत हातावर हात ठेवून बसता येत नाही, म्हणून गोदीनं स्वतःची एक फायर पार्टी उभी केली होती. बावीस माणसं, सगळी आपणहून नाव दिलेली: वेल्डर, क्रेनवाले, सुतार, स्टोअरमधला एक कारकून. भोंगा झाला की हातातलं काम टाकून धावायचं, आणि दर गुरुवारी सुट्टी झाल्यावर तासभर सराव करायचा. मी पहिल्याच वर्षी नाव दिलं. बोटीवर आगीचं शिक्षण झालेलं होतं, धूर अंगवळणी पडलेला होता. तिथे मला पुन्हा जरा माणसात आल्यासारखं वाटू लागलं.

या पार्टीची एक रीत होती. प्रत्येकाकडे नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला असे. तोंडावर मास्क चढवून धुरात शिरण्याआधी तो बिल्ला कॅप्टनच्या हातात द्यायचा. कॅप्टनच्या गळ्यात आकडे ठोकलेला एक लाकडी बोर्ड अडकवलेला असे, त्यावर तो बिल्ला टांगायचा. बोर्डवर जितके बिल्ले, तितकी माणसं आत. शेवटचा बिल्ला परत जाईपर्यंत कॅप्टननं बाहेरची जागा सोडायची नाही. अशी व्यवस्था बोटीवरही असते, त्यात मला नवल वाटलं नाही. पण इथे बिल्ला परत देण्याचीही रीत होती. कॅप्टननं तो स्वतःच्या हातानं ज्याचा त्याच्या हातात ठेवायचा आणि ठेवताना तोंडाकडे पाहायचं.

माझ्या वेळी कॅप्टन होता बॉयलर शॉपचा चिनी फोरमन. साठीला आलेला, बुटका, आवाज कधी न चढवणारा. एकदा सरावानंतर मला ऑफिसमध्ये फोनवर बोलवलं होतं, मी धावता धावता म्हणालो, "टेबलावर ठेवा, मग घेतो." फोन लांबला. पाऊण तासानं बाहेर आलो तर हा आपला बोर्ड गळ्यात घालून पायरीवर बसलेला. बाकीचे सगळे घरी गेलेले. उठला, बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता तू बाहेर आलास." मला ते नाटक वाटलं. बसमध्ये बसून मी एकटाच हसलो होतो.

आता त्या माणसाबद्दल. तो रिगर होता. जहाजाचे पंखे, शाफ्ट, इंजिनाचे तुकडे असलं अवजड सामान साखळ्यांनी उचलून जागच्या जागी बसवणं हे त्याचं काम. मलाय, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा आणि कमी बोलणारा. शाळा चार इयत्ता झालेली. फॉर्म भरायचा म्हटला की त्याला घाम फुटायचा, पण ताणलेल्या तारेवर नुसता हात ठेवून ती तुटेल की टिकेल हे तो सांगायचा, आणि ते कधी चुकायचं नाही. सगळे त्याला अबांग म्हणत. मलायमध्ये अबांग म्हणजे थोरला भाऊ. चिनी, तमिळ, त्याच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा अबांगच म्हणत. मीही म्हणायचो.

फोरमन निवृत्त व्हायच्या आधीच्या गुरुवारी नवा कॅप्टन निवडायचा होता. त्याचीही रीत ठरलेली. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या नाहीत. सराव संपला की सगळ्यांनी गोल उभं राहायचं, आणि एकेकानं पुढे होऊन, आपण धुरात शिरताना ज्याच्या हातात बिल्ला देऊ, त्याच्या हातात तो द्यायचा. सगळ्यांच्या देखत. स्वतःचा स्वतःकडे ठेवायचा नाही, एवढाच नियम.

मला खात्री होती. पार्टीत चीफ इंजिनिअरची परीक्षा पास झालेला मी एकटा. आग कशी लागते, कशी पसरते, कोणता गॅस कुठे वापरायचा, हे त्यांना मीच शिकवत आलो होतो. मी तळहात जरा पुढे धरूनच उभा होतो म्हणा ना. स्टोअरच्या कारकुनानं मला बिल्ला दिला. मग एका क्रेनवाल्यानं दिला. त्यानंतर माणसं येत राहिली आणि माझ्यासमोरून पलीकडे जात राहिली. अबांगच्या दोन्ही हातांत मावेनात, तेव्हा त्यानं हेल्मेट उलटं करून त्यात घेतले. शेवटी त्याला स्वतःचा कोणाला तरी द्यायचा होता, तो त्यानं माझ्याकडे आणून दिला. म्हणजे मला मिळालेल्या तिनांतला एक त्याचाच. उरलो मी. मी माझा बिल्ला निवृत्त होणाऱ्या फोरमनच्या हातात दिला आणि त्याचा मान राखतोय असं दाखवून हसलो. फोरमन हसला नाही. माझी कानशिलं तापली होती.

पुढच्या आठवड्यात गोदीच्या मॅनेजरनं मला बोलावलं. निवडीचं त्याच्या कानावर आलं होतं, पण त्याला ते पोरखेळासारखं वाटत होतं. कॅप्टनला इंग्रजीत रिपोर्ट लिहिता यायला हवा, बाहेरचे लोक तपासणीला आले की त्यांच्याशी बोलता यायला हवं, कागदावर दाखवायला परीक्षा हवी. "तुमच्या नावानं पत्र काढतो. तुमची हरकत नाही ना?" त्यानं विचारलं. माणसांनी दुसऱ्याला निवडलंय, एवढे तीन शब्द मला म्हणता आले असते. विचार करून सांगतो, असं तरी म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "नाही, हरकत कसली?"

बोर्ड अबांगनं स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. "चांगलं झालं, सर. लिहायचं काम मला जमत नाही लाह," तिथल्या सवयीनं वाक्याला लाह जोडत तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठे खोच आहे का, हे मी बराच वेळ शोधत राहिलो. सापडली नाही, म्हणून मी ती मनानं तयार केली. घरी मुलगी म्हणाली, "पापा, सो यू बॉस ऑफ ऑल द फायरमेन, इज इट?" आणि मी हो म्हणालो. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताटं घेतली.

सरावाला सगळे यायचे, बिल्ले माझ्या बोर्डवर टांगायचे, तक्रारीला जागा नव्हती. पण मी हुकूम दिला की सगळ्यांच्या नजरा आधी माझ्या खांद्यावरून पलीकडे जायच्या. तिथे अबांग उभा असे. तो मान जरा खाली करी, मग माणसं हलत. अर्ध्या क्षणाचा खेळ. बाहेरच्याला दिसलासुद्धा नसता. मला दुसरं काही दिसायचंच नाही. एका गुरुवारी मी त्याला मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभं केलं, तर माणसांनी माना वळवून मागे पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तू मान हलवतोस ती कशाला?" मी त्याच्यावर खेकसलो. तो गोंधळला. म्हणाला, "सर बरोबर सांगतात, म्हणून हलवतो." आणि मी बरोबर नसलो तर काय करशील, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

आग लागली ती दुपारच्या जेवणानंतर. धक्क्याला लागलेल्या एका मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये पाइप कापायचं काम चालू होतं, ठिणगी खाली पडली आणि गळलेल्या तेलानं पेट घेतला. मी ऑफिसमध्ये होतो. भोंगा झाल्यावर बोर्ड गळ्यात घालून धावलो, पण ऑफिसपासून धक्का लांब. मी धापा टाकत जहाजावर चढलो तेव्हा पार्टी आधीच येऊन पोचली होती. दोन माणसं मास्क चढवून इंजिन रूमच्या दाराशी उभी होती, एक तमिळ वेल्डर आणि एक मलाय, परांची बांधणारा. पाइप कापायचा गॅस आत चालूच राहिला होता, तो बंद करायला ते निघाले होते. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होतो. त्यांनी मला पाहिलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी बिल्ले काढले आणि शेजारी उभ्या असलेल्या अबांगच्या हातात दिले. दारातून धूर बाहेर येत होता, त्यात ते शिरले.

अबांगनं वळून मला पाहिलं. मूठ जरा वर केली.

मी तोंड फिरवलं.

इथे मला नीट सांगायला हवं. मी पाहिलं होतं. बिल्ले पाहिले, मूठ पाहिली, दोन पाठी धुरात जाताना पाहिल्या. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर ती दोन माणसं आगीत गेली हे नाही. मनात आलं की खरी वेळ आली तेव्हा यांनी बिल्ले त्यालाच दिले. बाकी सगळं त्या रागाखाली गेलं. मी डेकच्या दुसऱ्या कडेला उभ्या असलेल्या जहाजाच्या चीफ इंजिनिअरकडे गेलो आणि त्याच्याशी बोलू लागलो. तो एक फिलिपिनो गृहस्थ होता, चेहरा पांढराफटक पडलेला. जहाजावर आग विझवायच्या गॅसची स्वतःची व्यवस्था असते. सगळी दारं लावायची आणि इंजिन रूममध्ये तो गॅस सोडायचा. आग गुदमरते. आत माणूस असेल तर तोही गुदमरतो, आणि आगीच्या आधी. हे मीच दर वर्षी फायर पार्टीला शिकवत होतो.

तीन-चार मिनिटं गेली असतील. धूर वाढला. चीफ इंजिनिअर म्हणाला की आता गॅस सोडतो, नाहीतर जहाज हातचं जाईल. मग त्यानं कोणीही विचारायला हवा तो प्रश्न मला विचारला, "आत कोणी आहे?"

मी गळ्यातल्या बोर्डकडे पाहिलं. एकही बिल्ला नव्हता. "कोणी नाही," मी म्हणालो.

मी विसरलो होतो का? तेव्हापासून हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याची शिसारी येते. विसरलो नव्हतो. आठवत होतं असंही म्हणवत नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात, ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांनी मला बिल्ला दिला नव्हता, ती माणसं माझ्या लेखी आत नव्हती.

चीफ इंजिनिअरनं गॅसच्या पेटीचं दार उघडलं. दार उघडलं की धोक्याचा कर्णा वाजतो, तसा तो वाजू लागला. त्याचा हात दांड्यावर गेला, तेवढ्यात डेकच्या पलीकडून अबांग धावत आला. मूठ डोक्याच्या वर धरलेली. "आत दोघं! दोघं आत!" त्याला इतक्या मोठ्यानं ओरडताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बाकीची पार्टी तेव्हा पाण्याचे पाइप ओढायला खाली धक्क्यावर होती, कर्ण्याच्या आवाजात तिथवर ते पोचलं नाही. मी चीफ इंजिनिअरचा हात धरला. एवढं मात्र मी केलं, आणि पुढे माझं सगळं नाव झालं ते या एका गोष्टीवर.

ती दोघं बाहेर आली. त्यांनी पाइप कापायचा गॅस बंद केला होता, त्यामुळे आग मंदावली होती. मग पाण्याचे पाइप आत नेऊन पार्टीनं ती अर्ध्या तासात विझवली. जहाजाचा गॅस सोडायची गरजच नव्हती. अबांग माझ्यापाशी आला आणि त्यानं ते दोन बिल्ले काही न बोलता माझ्या बोर्डवर टांगले. रीतीप्रमाणे ते मी परत द्यायचे होते. मी दिले. तोंडाकडे पाहायचं होतं ते मला जमलं नाही. दोघं खोकत होते, त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

दोन दिवसांनी चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन माणसं, अलीकडे मी आणि अबांग. त्यांनी अबांगला विचारलं, बिल्ले कुठे असायला हवे होते? तो म्हणाला, बोर्डवर. कुठे होते? माझ्या हातात. का? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. मी मूग गिळून बसलो. मग त्यांनी मला विचारलं, आत माणसं आहेत याची तुम्हाला कल्पना होती का? मी म्हणालो, "बोर्ड रिकामा होता." माझ्या उत्तरात खोटा शब्द एकही नाही. रिपोर्टही मीच लिहिला, दीड पान, उत्तम इंग्रजीत. इंग्रजी लिहिता येतं म्हणूनच तर मला कॅप्टन केलं होतं.

कॅन्टीनच्या दाराशी सूचना लागली. अबांगचं नाव फायर पार्टीतून काढलं होतं. कारण एका ओळीत दिलं होतं: नियम मोडून बिल्ले स्वतःजवळ ठेवल्यामुळे दोन माणसांच्या जिवाला धोका निर्माण झाला. त्याला रिगरच्या कामावरूनही हलवलं आणि स्टोअरमध्ये साखळ्या तपासायला बसवलं. माणसं ती सूचना वाचायची, एकमेकांकडे पाहायची आणि आत जायची. त्या दोघांनीही वाचली. धुरात असताना त्यांनी तो कर्णा ऐकला होता, आणि तो वाजला म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. बाहेर काय झालं हे मात्र त्यांना कागदानं सांगितलं.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी वुडलँड्सच्या मार्केटमध्ये अबांग मला भेटला. माझ्या हातात भाजीची पिशवी, त्याच्या हातात मासळीची. मला टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं, पण तो सरळ समोर आला. कॉफी घेऊ म्हणाला. आम्ही बसलो. त्यानं दूध-साखर घालून बराच वेळ कॉफी ढवळली.

"सरांनी पाहिलं होतं," तो म्हणाला. "मी सरांचा चेहरा पाहिला."

मी पिशवीतली भाजी उगाच नीट लावू लागलो.

"माझीपण चूक आहे. दहा पावलं चालून बोर्डवर लावायला हवे होते. सरांनी तोंड फिरवलं, तरी यायला हवं होतं. आलो नाही." तो थांबला. "खरं सांगू? त्यांनी माझ्या हातात दिले, ते मला बरं वाटलं. थोडा वेळ ठेवावेसे वाटले. म्हणून ऑफिसनं काढलं तर मी काही म्हणत नाही."

"मग?"

"ती दोघं माझ्याशी बोलत नाहीत. परांचीवाल्याला गोदीत मीच आणला, सर. आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो. लिफ्टमध्ये मी असलो तर तो जिन्यानं जातो. ऑफिसला काही सांगू नका. कागदावर काही नको. फक्त त्या दोघांना सांगा. ओरडलं कोण, एवढंच सांगा."

आयुष्यात माझ्याकडे कोणी इतकं थोडं मागितलेलं नाही. त्यानं मला धमकावलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "उद्या सांगतो." त्यानं मान हलवली, माझ्या कॉफीचेही पैसे दिले आणि मासळी खराब होईल म्हणून उठला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मीही ठेवला होता, त्या संध्याकाळपुरता.

सोमवारी मी कॅन्टीनमध्ये गेलो. दोघं नेहमीच्या टेबलावर होते. मला येताना पाहून परांचीवाला उठला, त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. वेल्डर जाऊन माझी कॉफी घेऊन आला, मला लागते तशी, बिनसाखरेची. ती मला कशी लागते हे त्यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "त्या दिवशी काय झालं ते..."

"माहीत आहे, सर," वेल्डर म्हणाला. "सरांनी हात धरला म्हणून आम्ही आहोत. आम्हाला सगळं कळलंय. सरांनी नाही सांगितलं तरी चालेल लाह."

परांचीवाला खाली पाहत होता. "आम्ही चुकीच्या माणसाला बिल्ले दिले," तो म्हणाला.

बस्स. इथेच बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण माझ्यासमोर दोन माणसं अशा नजरेनं पाहत होती जशी मी बोटीवरून उतरल्यापासून पाहिली नव्हती, आणि वाक्य उच्चारलं की ती नजर जाणार होती. मी म्हणालो, "झालं ते झालं." कॉफी प्यायलो. त्या गुरुवारी सरावाला सगळ्यांत आधी त्या दोघांनी येऊन माझ्या बोर्डवर बिल्ले टांगले, त्यांच्यामागून बाकीचे आले. हुकूम दिला की माणसं लगेच हलू लागली. कोणाची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि लाज सोडून सांगायचं तर, पहिले काही आठवडे ते मला गोडही लागलं.

अबांग मला त्यानंतर स्टोअरच्या खिडकीत दिसायचा. त्यानं एकदाही विचारलं नाही. काही दिवसांनी त्यानं माझ्याकडे पाहणंच सोडलं.

मग रोज्यांचा महिना आला आणि सरला. ईदला, म्हणजे तिकडच्या हारी रायाला, परांचीवाल्यानं आम्हाला घरी बोलावलं. मी नाही म्हणू पाहत होतो, पण त्यानं मुलीसाठीही आग्रह केला. तिघं गेलो. ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शिरताना मी आधी आत डोकावलो, लिफ्ट रिकामी होती. घर माणसांनी भरलेलं, दारात चपलांचा ढीग. आम्ही गोमांस खाणार नाही हे लक्षात ठेवून त्याच्या बायकोनं कोंबडीचा रस्सा वेगळ्या भांड्यात केला होता, त्याला वेगळा डाव ठेवला होता आणि दोनदा येऊन ते सांगून गेली. त्याच्या आईनं माझ्या बायकोचा हात हातात घेतला आणि मलायमध्ये बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. माझ्या बायकोला एक शब्द कळला नाही. पण म्हातारीचे डोळे भरून आले, तसे हिचेही आले. शाळेत मलाय शिकणारी मुलगी म्हणाली, "पापा, शी सेज यू सेव्ह्ड हर सन." मग ती केक खायला गेली.

निघताना परांचीवाला दारापर्यंत आला. बाहेरच्या व्हरांड्यात शेवटचं दार बंद होतं. त्यासमोर चपला नव्हत्या. "ते अबांगचं घर," तो म्हणाला. "दर वर्षी पहिला तोच यायचा. यंदा आम्ही बोलावलं नाही." माझी बायको माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं आता सांगावं, इथेच, त्या दारासमोर. चार पावलांवर तो माणूस होता.

हारी रायाला तिथे एक रीत असते. निरोप घेताना माणसं एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत, उघड किंवा मनातल्या मनात, तुमचं काही वाईट केलं असेल तर माफ करा, असं म्हणतात. लहान मोठ्यांना म्हणतात, शेजारी शेजाऱ्यांना म्हणतात. परांचीवाल्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली आणि ते शब्द म्हणाला. मग इंग्रजीतून, मला नीट कळावं म्हणून, पुन्हा म्हणाला, "त्या दिवशी बिल्ला मी सरांना दिला नाही. मला माफ करा."

तो मान खाली घालून थांबला होता. मी त्याचा हात दाबला आणि त्याला माफ केलं.